सातव्या स्टेजमधला पोटखराबा

“थांबा, मोजू द्या.”

दुकानाच्या उंबऱ्यावर पाय ठेवला की ते आधी एवढंच म्हणायचे. मग समोर कोणी उभं असलं तर त्याला हाताने बाजूला सारून, एकसारखी पावलं टाकत थेट मागच्या भिंतीपर्यंत जायचे, भिंतीला बोटं टेकवायचे आणि मान वळवून मला सांगायचे, “साडेनऊ.”

रोज साडेनऊच. दुकान काही वाढत-घटत नव्हतं. एकदा मात्र ते भिंतीपाशी थबकले. “सव्वानऊ. भित पुढं आली का, बाई?” मी आदल्या दिवशी मागे रिकामी खोकी रचून त्यांवर पडदा सोडला होता. त्यांनी पडदा उचलला, खोकी पाहिली, आणि चोरी पकडल्यासारखे खूश झाले.

काम पायांत उतरलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. शिंपी बोलता बोलता आपल्या खांद्याकडे बघतो, तसं हे. जमीन मोजायच्या सरकारी खात्यात ते होते. साखळी, झेंड्या, पत्र्याच्या नळीत गुंडाळलेले नकाशे, आणि दोन भावांच्या बांधाच्या भांडणात मधोमध उभं राहणं, ही त्यांची नोकरी. मेहकरात सगळे त्यांना ‘मोजणीवाले साहेब’ म्हणत. मलाही त्यांचं नाव फार उशिरा कळलं. तोवर सवय झाली होती, म्हणून इथेही मोजणीवालेच म्हणते.

माझं दुकान बसस्टँडच्या मागच्या गल्लीत होतं. आमचे हे डोणगावला शाळेवर, सकाळच्या एसटीने जात आणि दिवेलागणीला परतत. दुकान मीच बघायची. एका बाजूला भाड्याने द्यायच्या सिनेमाच्या कॅसेट, आणि दुसऱ्या बाजूला दोन रंगीत टीव्ही, त्यांना जोडलेला व्हिडिओ गेम. तो तेव्हा गावात नवा होता. पोरं शाळा सुटली की यायची, कॉलेजवाले कॉलेज न सुटताच यायचे.

मी याद्या करणारी बाई आहे. आजही आहे. तेव्हा दोनशे पानी रजिस्टर होतं, त्यात वारानुसार कामं. सोमवारी टीव्हीच्या मागची जाळी झाडणं, बुधवारी गेम खेळायच्या रिमोटच्या वायरी तपासणं, शनिवारी गेमच्या कॅसेटचे पितळी दात खोडरबराने घासून स्पिरिटने पुसणं. झालेल्या कामापुढे खूण. न झालेल्या कामापुढे मी कधी खूण केली नाही. भिंतीवर आणखी एक यादी असायची, लाईन कधी जाणार त्याची. वायरमनला विचारून दर आठवड्याला मी ती नव्याने लिहायची, कारण त्या गेममध्ये लाईन गेली की सगळं संपलं. सहा स्टेज खेळून झालेल्या असोत, लाईन आली की पुन्हा पहिल्या पायरीवर.

ज्या गेमपायी हे सगळं झालं, त्याच्या कॅसेटवरचा कागद कधीच निघून गेला होता. पडद्यावर येणारी अक्षरं कुठल्या देशाची, ते कोणाला सांगता येत नसे. एक बुटका माणूस हातात कंदील घेऊन धावतो, उड्या मारतो, खड्डे ओलांडतो. आमच्याकडे त्याला कंदीलवाला म्हणत. आठ स्टेज असाव्यात असा अंदाज होता. अंदाजच, कारण सातवी कोणी ओलांडलेली नव्हती.

सातवी म्हणजे दरी. पाय ठेवला की खचणाऱ्या फळ्या, उलटा वारा आणि पाठीमागून वटवाघळं. चांगले तयार गडी तिथे रडकुंडीला यायचे. माझ्या रजिस्टरात एक पान होतं, ‘तुटलेले रिमोट’. त्यात कारणाच्या रकान्यात तीनदा ‘स्टेज सात’ असं लिहिलेलं आहे.

मोजणीवाले पहिल्यांदा आले ते पावसाळ्यात. शेतात पीक उभं असलं की मोजण्या बंद. मग ऑफिसात बसून जुन्या नकाशांवर शाई फिरवायची. बसणं त्यांना जमायचं नाही. दुपारच्या सुट्टीत डबा उभ्या-उभ्या खाऊन ते गावभर फिरत. असेच फिरताना आवाज ऐकून आत आले, भिंतीपर्यंत चालत गेले, साडेनऊ म्हणाले, आणि टीव्हीकडे बघत राहिले.

तीन दिवस नुसते बघत राहिले. एका पायावरून दुसऱ्या पायावर. खिशात किल्ल्यांचा जुडगा, तो सारखा वाजायचा. मी स्टूल पुढे केलं.

“बसा ना साहेब.”

“बसलो का मोजणी चुकते, बाई.”

“इथं कसली मोजणी?”

“वाऱ्याची,” ते म्हणाले. “पाहा ना. सात मोजेपर्यंत वाहते, चार मोजेपर्यंत थांबते. हे पोट्टे वाऱ्यात उडी मारून राह्यले. मंग पडतीन नाई तं काय?”

चौथ्या दिवशी त्यांनी रिमोट हातात घेतला. हात काही चपळ नव्हता. पहिल्याच स्टेजला चारदा मेले. पण प्रत्येक मरणाचं कारण ते मोठ्याने सांगायचे, पंचनामा करावा तसं. “अर्धं पाऊल कमी पडलं.” “अथी फळी डावीकडून खचते, उजवीकडून नाई.” आणि खिशातून चौकटीचा कागद काढून खूण करायचे. एक चौकट म्हणजे कंदीलवाल्याचं एक पाऊल. आठवड्याभरात पहिल्या स्टेजचा नकाशा तयार झाला. उत्तर दिशेचा बाणसुद्धा काढला होता. ती उत्तर त्यांनी कशी ठरवली, कोण जाणे.

शेजारी रशीदभाईंचं सायकलचं दुकान. पंक्चर नसलं की ते आमच्या दारात. नकाशा बघून म्हणाले, “साहेब, सातबारा बी काढून द्या ना. कंदीलवाल्याच्या नावानं.”

“देल्ला असता,” मोजणीवाले मान वर न करता म्हणाले. “पण मालक कोन ते माहीत नाई. परस्पर कसं लावू नाव?”

“भाभी, ये तो सिरियस है,” रशीदभाई मला म्हणाले आणि हसत निघून गेले. पण दहा मिनिटांनी पुन्हा आले. मोजणीवाले कुठवर पोचले, ते बघायला.

पाऊस ओसरायच्या सुमाराला ते सातवीत पोचले, आणि मग दिवसच्या दिवस तिथेच. रोज दुपारी दीडला यायचे. सहा स्टेज पार करायला पस्तीस मिनिटं लागत. त्या आठवड्यात लाईन सव्वादोनला जायची. म्हणजे दरीसाठी दहा मिनिटं. ते माझ्या यादीकडे बघायचे, घड्याळाकडे बघायचे, किल्ल्या वाजवायचे आणि मोजायचे. “पाच, सहा, सात... आता. एक, दोन...” तिनाला उडी. कंदीलवाल्याचं अर्धं पाऊल फळीच्या बाहेर गेलेलं हवं, तेव्हाच ती उडी पुरते. त्याआधी मारली तर दरी, नंतर मारली तर फळीसकट दरी.

एका गुरुवारी तो पलीकडे टेकला. रशीदभाईंच्या हातातली ट्यूब तशीच. पोरांपैकी एकजण दबक्या आवाजात म्हणाला, “गेला बे, गेला!” मोजणीवाल्यांच्या किल्ल्या प्रथमच गप्प होत्या. समोर एक लांबच लांब भिंत दिसली, दगडी, दरवाजा नसलेली.

आणि लाईन गेली. सहा मिनिटं आधी. माझ्या यादीला न जुमानता.

कोणी काही बोलायच्या आत ते म्हणाले, “भित पाह्यली का, बाई? तीच भित हाय.”

“कोणती?”

“सहाव्या स्टेजच्या शेवटची. इकून पाह्यली होती, आता तिकून पाह्यली.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी सहा आणि सात, दोन्ही नकाशे माझ्या काउंटरवर कडेला कडा लावून मांडले. मला नकाशातलं कळत नाही, पण त्यांनी दाखवलं ते लहान मुलालाही कळलं असतं. सहावी स्टेज संपते तिथे भिंत. सातवी पुढे सरकते तिथेही तीच भिंत, तेच दगड, तीच वरची झरोक्यांची रांग. पण दोन्हीकडून मोजलं की मध्ये चौकटींचा एक जाड पट्टा उरत होता. तो कुठल्याच स्टेजमध्ये नव्हता.

“रिकामी जागा असेल,” मी म्हणाले.

“रिकामी जागा नसते, बाई. पोटखराबा असते.”

शेतीचा उतारा ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. शेतात पेरणीची जमीन वेगळी लिहितात, आणि नाला, खडक, विहिरीभोवतालची जागा, असलं न पिकणारं वेगळं. त्याला पोटखराबा म्हणतात. ती जागा शेतातच असते, नकाशातही असते, पण तिच्यात कोणी पेरत नाही आणि कोणी मुद्दाम जात नाही.

“ज्यानं हा गेम बनवला, त्यानं ते काहीतरी बनवून ठुलं,” ते म्हणाले. “मंग वाट नाई देल्ली. इसरला, नाई तं मन बदललं. पण हाय तथी.”

इथून पुढे त्यांची चुळबुळ वाढली. मोजणीचा हंगाम सुरू झाला होता. सकाळी कुठे तरी बांधावर, तरी दुपारी जीप नाही तर एसटी पकडून ते मेहकर गाठायचे. पायात काळी माती, खांद्यावर नळी. मी रागवायची. “साहेब, जेवलात का?” “खाल्लं, खाल्लं.” काय खाल्लं ते विचारायच्या आत हातात रिमोट.

आणि मग तो दुसरा गुरुवार आला.

मी काउंटरवर पुढच्या आठवड्याची यादी लिहीत होते. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. त्यांनी कॅसेट घातली, ती नीट बसली नसावी, कारण टीव्हीतून नेहमीचं गाणं न वाजता एक सलग घुंई असा आवाज आला. मी म्हणाले, “काढून फुंकर मारा.” मग त्यांचा आवाज आला, बारीक, ओळखू न येणारा.

“बाई, इकडं पाहा.”

“एक मिनिट.”

“बाई, पाहा ना. हात नाई लावत मी. पाहा.”

मी ओळ पूर्ण केली. ‘रिमोट क्र. ४ ची वायर’, ही ती ओळ. वायर शब्दातला र लिहून मान वर केली, तर पडदा काळा झाला होता.

ते हलले नव्हते. रिमोट खाली स्टुलावर होता, दोन्ही हात मागे. “अंगण होतं,” ते म्हणाले. “चारी बाजूनं तीच भित. मधी विहीर, तिच्यावर रहाट. डावीकडं झाड. रहाटाले दोर हाय, पण बादली नाई. बादली झाडाखाली पडेल हाय. कंदीलवाला मधी उभा होता. तुमी पाह्यलं ना?”

“नाही पाहिलं, साहेब.”

रशीदभाई आले, त्यांनी ऐकलं. “धूळ बसली असन दाताले. धुळीनं काय बी दिसते.”

“धुळीनं रेघा दिसतीन, रशीदभाई. धुळीतून रहाट कसा निघन?”

“सपना देखा होगा साहेब. जेवत नाही तुमी टायमावर.”

ते थट्टेने म्हणाले होते. रशीदभाईंच्या मनात वाईट काही नसतं. पण मोजणीवाल्यांचा चेहरा असा झाला की मी स्टुलावरचा रिमोट उचलून घेतला. त्या दिवशी ते पहिल्यांदा आणि शेवटचे स्टुलावर बसले. आणि त्यांनी ते सांगितलं.

पूर्वी ते चिखली तालुक्यात होते. उंद्रीच्या पलीकडच्या एका गावात मोजणी करताना त्यांना एका मोठ्या शेतात, बोरी-बाभळीच्या दाटीत, बांधलेली जुनी विहीर दिसली. पंच म्हणून जी दोन माणसं बरोबर होती ती सावलीला बसली होती. हे एकटेच आत घुसले होते. त्यांनी विहीर नकाशात दाखवली. विहीर दिसली की तिच्याकडे जायच्या वाटेचा प्रश्न येतो, शेजाऱ्याचा हक्क येतो. शेतवाल्याने तक्रार केली. फेरमोजणीला वरचे साहेब येईपर्यंत तिथे नांगरलेलं सपाट रान होतं. पंच म्हणाले, आम्ही काही पाहिलं नाही. आणि ते खोटं नव्हतं.

“माह्या कागदात लिहिलं, हा मानूस मनानं नकाशा काढते,” ते म्हणाले. “तेव्हापासून ऑफिसात नवा कोनी आला का त्याले आधी हेच सांगतात. यायले कधी कधी विहिरी दिसतात म्हनून. हासतात. आता म्या बी हासतो.”

ते हसले नाहीत.

“एकदा कोनी माह्यासंग पाह्यलं पाह्यजे, बाई. गेममधली का असंना. एकट्यानं पाह्यलं तं ते पाह्यलं, हे मले बी खरं वाटत नाई आताशा.”

मी ठरवलं, पुढच्या वेळी हातातलं टाकून बघायचं. अगदी मनापासून ठरवलं. आणि मग शनिवार आला.

शनिवारी काय असतं ते मी वर लिहिलंच आहे. खोडरबर, कापूस, स्पिरिट. बारा कॅसेट एका ओळीत मांडून मी एकेकीचे दात घासले. हात आपोआप चालतात अशा कामात. सहावी की सातवी ती, कागद निघालेली. तिचे दात सगळ्यांत काळे होते. मी ते आरशासारखे केले आणि रजिस्टरात खूण केली. संध्याकाळी स्वयंपाक करताना, भाकरी तव्यावर असताना, मला कळलं मी काय केलं ते.

सोमवारी ते आले. उंबऱ्यावरच थांबले. मोजलं नाही.

“स्पिरिट?” त्यांनी वास घेत विचारलं.

“शनिवार होता ना, साहेब.” मी म्हणाले.

त्यांनी कॅसेट उचलून उजेडात धरली. दात लखलखत होते. बराच वेळ बघून ते म्हणाले, “पोटखराबा नांगरून टाकला, बाई तुमी.” आणि कॅसेट माझ्या हातात अशी हलकेच दिली की त्यापेक्षा ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर किती खटपट केली. तिरपी घालून पाहिली, अर्धी घालून पाहिली. रशीदभाईंनी स्वतः होऊन सायकलच्या चेनची बारीक काजळी आणली, तीही लावून पाहिली. त्यांना त्यांचं बोलणं लागलं होतं. घुंई आवाज येई, रेघा येत, अक्षरं तुटून येत. अंगण आलं नाही. मोजणीवाले मात्र रोज तितक्याच घाईने यायचे, तितक्याच घाईने जायचे. मधल्या काळात त्यांनी सातवी स्टेज तीनदा पार केली, आठवीही केली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. आठवीत काही विशेष नव्हतं. शेवटी कंदीलवाला एका गच्चीवर उभा राहून कंदील हलवतो. मोजणीवाल्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही.

माघ महिन्यात एक दिवस त्यांनी नळीतून नवा कागद काढला. मोठा, पांढरा, ऑफिसच्या नकाशाला वापरतात तसा. त्यावर शाईने सहाव्या आणि सातव्या स्टेजच्या भिंती, मध्ये तुटक रेघांनी अंगण, विहीर, झाड. बारीक अक्षरात: ‘रहाटास दोर आहे. बादली झाडाखाली.’ झाड ते विहीर अंतर, याच्यापुढे रिकामी जागा. मोजायला वेळ मिळाला नव्हता. आणि खाली तीन ओळी आखलेल्या. पंच क्रमांक एक, पंच क्रमांक दोन, मोजणीदार.

“तुमची सही राहिली,” मी त्यांच्या ओळीकडे बोट दाखवून म्हणाले.

“आधी पंच. मंग मोजणीदार. उलटं चालत नाई.”

मला राहवलं नाही. मी पेन उघडलं. “द्या इकडे. मी करते सही.”

त्यांनी कागद ओढून घेतला. इतक्या चटकन की पेनाची रेघ काउंटरवर उमटली.

“पाह्यलं का तुमी?”

“नाही. पण तुमच्यावर विश्वास आहे माझा.”

“विश्वासाची ओळ नाई आखली मी. पाह्यल्याची आखली.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “बाई, तुमी न झालेल्या कामाले खूण करता का यादीत?”

मी पेनाचं टोपण लावलं.

उन्हाळ्यात त्यांची बदली झाली, नांदुऱ्याकडे. जिल्हा तोच, पण मेहकरहून ते दुसरं टोक. निरोप घ्यायला आले तेव्हा गुंडाळलेला नकाशा आणला होता.

“हे तुमच्यापाशी राहू द्या. दिसलं तं सही करा. नाई दिसलं तं कोरा राहू द्या. पण घडी नका घालू. घडी घातली का नकाशा तथूनच फाटते.”

“दिसलं तर कळवीन,” मी म्हणाले. “माझं माहेर तिकडंच आहे, वडनेर भोलजीला. भाऊ आहे माझा तिथं.”

“कार्ड टाका नुसतं. येतो मी. एसटीनं किती लागते? दिवसाभरात येऊन जाईन.” किल्ल्या वाजत होत्या. “येतोच.”

ते उंबऱ्यापर्यंत गेले, परत फिरले, पुन्हा एकदा भिंतीपर्यंत चालले. “साडेनऊ,” म्हणाले आणि गेले.

त्याच दिवशी मी शनिवारच्या यादीत ओळ घातली, ‘बिनकागदाची कॅसेट पुसू नये.’ दर नव्या रजिस्टरात ती ओळ मी उतरवून घेतली. कॅसेटवर धूळ चढली. पोरं कुरकुरायची, “काकू, हे चालत नाई, पुसा ना.” मी दुसरी कॅसेट द्यायची. आठवड्यातून एकदा, यादीनुसार, मी स्वतः ती घालून बघायची. रेघा. अक्षरं. काळा पडदा. खूण.

एका दिवाळीला माहेरी गेले तेव्हा भावाकडे चौकशी केली. तो म्हणाला, “तो पायानं घर मोजनारा? गेला ना तो. उन्हायात. मोजणीवरून आला, झाडाखाली टेकला, उठलाच नाई.” मग म्हणाला, “आपल्या वावराची हद्द त्यानंच लावली होती. मले म्हने, तुमच्या बहिणीच्या दुकानाची लांबी माहीत हाय का? मी म्हटलं नाई. तं म्हने, साडेनऊ.”

मेहकरला परतल्यावर मी ती शनिवारची ओळ खोडायला घेतली होती. खोडली नाही. का, ते मला सांगता येणार नाही. यादीत होती, एवढंच.

आणखी दोन वर्षांनी दुकान बंद करायचं ठरलं. घरोघरी केबल आली होती, ज्यांना गेम हवा त्यांच्याकडे स्वतःचा होता. मी विकायच्या वस्तूंची यादी केली, आणि एकेक कॅसेट घालून पुढे लिहीत गेले. चालते. चालते. चालत नाही. दुपारची वेळ, समोरचं शटर अर्धं खाली. शेवटी ती बिनकागदाची राहिली. घातली. घुंई असा आवाज आला.

मी पेन हातात घेतलेलंच होतं, ‘चालत नाही’ लिहायला. ते खाली ठेवलं आणि वर बघितलं.

चारी बाजूंनी भिंत. वर झरोके. मध्ये विहीर आणि तिच्यावर रहाट. डावीकडे झाड, त्याची पानं दोन-दोन ठोक्यांनी हलत होती. कोणी तरी, कुठल्या तरी देशात बसून, कोणीच बघणार नाही अशा झाडाची पानं हलवली होती. कंदीलवाला झाडाशेजारी उभा होता. त्याच्या पायाशी बादली.

“रशीदभाई!” मी टीव्हीवरची नजर न काढता ओरडले. “रशीदभाई, हातातलं टाका आणि या!”

ते शटरखालून वाकून आले, ग्रीसने माखलेले हात पुढे धरून. “क्या हुआ भाभी, शॉक लागला का?” मग त्यांनी बघितलं. बराच वेळ बघितलं.

“है तो,” ते म्हणाले. मग पुन्हा, हळू, “कुआँ है तो. और म्या त्यायले सपना म्हटलं.”

मी रिमोट उचलला. रशीदभाईंनी माझा हात धरायला हात पुढे केला, मग ग्रीस बघून मागे घेतला. “नको भाभी, हात लावला तर जाईन ते.”

“थांबा,” मी म्हणाले. “मोजू द्या.”

एकेक कळ दाबत मी कंदीलवाल्याला झाडापासून विहिरीकडे नेलं. रशीदभाई मोठ्याने मोजत होते, त्यांच्या भाषेत. मी मनात. विहिरीच्या कडेला तो टेकला तेव्हा दोघांचीही अकरा झाली होती. पुढचं पाऊल टाकायला म्हणून कळ दाबली आणि पडदा काळा झाला. कॅसेट काढून पुन्हा घातली तर नेहमीचं गाणं वाजायला लागलं.

नकाशा दुकानातल्या कपाटावर होता, नळीसारखा गुंडाळलेला. काउंटरवर पसरला, कोपऱ्यांवर चार कॅसेट ठेवल्या. झाड ते विहीर, पुढच्या जागेत मी ‘अकरा पावले’ लिहिलं. पंच क्रमांक एक, माझी सही. पंच क्रमांक दोन, रशीदभाईंची, उर्दूत, शेजारी ग्रीसचं अर्धं बोट.

ते तिसऱ्या ओळीकडे बघत होते.

“अथी कोन करन?”

मी कॅसेट उचलल्या. कागद आपोआप गुंडाळायला लागला. मी तो पुन्हा उलगडून शाई वाळेपर्यंत दोन्ही हातांनी धरून ठेवला.

आता तो माझ्या लोखंडी कपाटात आहे, तळच्या कप्प्यात, सपाट, सगळ्या रजिस्टरांच्या खाली. घडी घातलेली नाही. दोन सह्या आहेत. पंचांच्या नंतर मोजणीदाराने करायची असते ती ओळ कोरी आहे.